खलील सरांचा होकार

ओजस, मागच्या रविवारी मी फोनवर तुला एक प्रश्न विचारला आणि तू हसलास. कीबोर्ड बंद पडलेला असताना बटणं दाबली, तर ती अक्षरं जातात कुठे, असा माझा प्रश्न होता. तू म्हणालास, "कुठेच नाही, आजी. ती आत गेलीच नाहीत, तर जाणार कुठे?" मागून रेवा ओरडली, "आजी अजून तो आमचा जुना लॅपटॉप वापरतेय! फेकून दे ना तो!" तुम्ही दोघं हसलात, तुमच्या मागोमाग मीही हसले आणि आपण दुसरं काहीतरी बोलू लागलो.

तो लॅपटॉप माझ्याकडे नाही. समोरच्या घरात, खलील सरांकडे आहे, आणि मी हे लिहिते आहे तेव्हाही चालू आहे. प्रश्नही त्यांचाच होता. मी फक्त तो तुमच्यापर्यंत पोचवला. पण खलील सर माहीत नसतील तर त्या प्रश्नाला काही अर्थ नाही, म्हणून नीट क्रमाने लिहिते. मराठी वाचताना कुठे अडलात तर बाबांना विचारा. खलील सर त्यांना चांगले ठाऊक आहेत.

रिसोडात त्यांना सगळे 'टायपिंगवाले सर' म्हणत. धान्यबाजाराच्या गल्लीत एका अडत दुकानाच्या माडीवर त्यांचा क्लास होता. खाली पोत्यांची धूळ, वर यंत्रांची कडकड. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. माझ्या हातून सुटलेली मुलं पुढे नोकरीच्या आशेने त्यांच्याकडे जात. रस्त्यात भेटले की ते म्हणत, "बाई, तुमच्याजवळ स्पेलिंग, माह्याजवळ बोटं. पोराचं बाकी सारं त्याचे मायबाप पाहतीन."

उंच, जरासे वाकलेले, आणि शर्टाच्या खिशात कायम दोन रुमाल. एक घाम पुसायला. दुसरा विद्यार्थ्यांच्या बोटांवर टाकायला. टायपिंग शिकताना बटणांकडे पाहायचं नसतं, नजर शेजारच्या कागदावर ठेवायची असते. नवशिक्यांना ते जमत नाही, डोळे बोटांकडे पळतात. पळाले की सर मागून येऊन तो पांढरा रुमाल त्याच्या दोन्ही हातांवर अलगद पसरायचे आणि म्हणायचे, "नजर कागदावर."

रिठदचा एक मुलगा एकदा चिडला. "सर, बोटं दिसूनच नाई राह्यले, तर चूक झालेली कशी कळन?"

"चूक बोटाले कळते, बेटा. डोळ्याले कायले तरास देतो?"

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, त्याची गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. मी काही कागद टाइप करून घ्यायला गेले होते. एक मुलगी परीक्षेच्या सरावाचं पान भराभर टाइप करून उठली, कागद ओढला, तर कागद कोरा. यंत्राची एक कळ चुकून सरकली होती. ती सरकली की अक्षर कागदावर आपटतं, पण मध्ये शाईची फीत येत नाही. मुलगी रडायला लागली. सरांनी तो कोरा कागद घेतला, खिडकीशी गेले, उन्हात तिरका धरला आणि वाचायला लागले. प्रत्येक अक्षराचा बारीक खळगा कागदात पडला होता. पेन्सिलीने त्यांनी सगळ्या चुका काढल्या, गुण दिले आणि कागद परत करताना म्हणाले, "दाबलेलं कुठं जात नाई, बेटी. पाहणाऱ्याले पाहता आलं पाहिजे."

संध्याकाळी क्लास सुटला की प्रत्येक यंत्रावर ते स्वतः मरून रंगाच्या रेक्झिनचं कव्हर चढवत. शिपायाला हात लावू देत नसत. त्यांना मूलबाळ नव्हतं. राबियाभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात उभ्या राहून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "इनकी औलादें सो गई होंगी, अब ये घर आएँगे."

राबियाभाभींचा आवाज हा आमच्या गल्लीचा आवाज होता. त्या घरात बसून माझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत. मी वाचत बसलेली असले की रस्त्यापलीकडून हाक येई, "बाई, डाळ करपून राह्यली तुमची!" आणि डाळ खरोखर करपलेली असे. सरांनी चार शब्द बोलायचे आणि भाभींनी त्यावर चाळीस, असा त्या घराचा हिशोब होता. दोघांनाही तो मान्य होता.

पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या. सरांनी काही जुने कॉम्प्युटर आणून पाहिले, पण मोठ्या काचेच्या क्लासांपुढे त्यांची माडी टिकली नाही. यंत्रं भंगारात गेली. एक त्यांनी ठेवलं, ते पलंगाखाली. त्यावरून भाभींची बोलणी खाणं हा त्यांचा नवा दिनक्रम झाला.

आता लॅपटॉप. मागच्या खेपेला तुम्ही तो माझ्याकडे ठेवून गेलात. त्याच्या झाकणावर रेवाने चिकटवलेला देवमासा आहे, शेपूट निघालेला. रविवारी तुमच्याशी बोलून झालं की मी झाकण मिटायची, आणि दुसऱ्या दिवशी उघडलं की पडदा उजळायचा, पण एकही बटण चालायचं नाही. बोट फिरवायची ती चौकट चालायची नाही. बाहेरून माऊस लावला तर तोही मुका. कॉम्प्युटर झोपेतून उठला, पण हातपाय झोपलेलेच. बंद करून पुन्हा सुरू केला की सगळं ठीक, पुढची झोप होईपर्यंत.

सर बघायला आले आणि येतच राहिले. त्यांची एक पद्धत होती. एका वेळी एकच बदल करायचा, मग लॅपटॉप झोपवायचा, चहा प्यायचा, मग उठवायचा. वीज वाचवण्यासाठी कीबोर्ड बंद करायची परवानगी कॉम्प्युटरला असते, ती त्यांनी काढून घेतली. झोपवला, चहा, उठवला. मुका. कीबोर्ड चालवणारा आतला प्रोग्राम काढून पुन्हा घातला. चहा. मुका. मी म्हटलं, "सर, दोन-तीन गोष्टी एकदम करून पाहा ना." ते म्हणाले, "मंग कोणत्या दवाईनं गुण आला, हे कसं कळन?" वाशिमच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "काका, त्याचं वय झालं. नवा घ्या." सरांनी फोन ठेवला. "बाई, बिमारी समजली, पण इलाज नाई. याले झोपूच नाई द्यायचं, बस."

त्यानंतर थोड्याच दिवसांत राबियाभाभींना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि जीभ गेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यातले शब्द सगळे शाबूत आहेत, फक्त बाहेर येत नाहीत. शक्ती उरली ती डाव्या हाताच्या एका बोटात. गल्ली इतकी शांत झाली की मला माझ्याच कुकरची शिट्टी मोठी वाटायला लागली.

मोबाइलच्या काचेवर त्यांचं बोट घसरायचं. मी पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं काढून दिली. त्या एकेका अक्षरावर बोट ठेवत आणि आम्ही शब्द ओळखायचो, पण आम्हाला धीर नव्हता. 'पा' झालं की आम्ही दोघं ओरडायचो, "पाणी!" त्यांना 'पाय दुखतो' म्हणायचं असे. एके दिवशी त्यांनी पुठ्ठा ढकलून खाली पाडला. पुठ्ठ्यावर आम्ही त्यांना बोलूच देत नव्हतो. त्यांच्या आधी आम्हीच बोलत होतो.

तेव्हा सर माझ्याकडे आले. "बाई, तो लॅपटॉप मले द्या. त्याचे बटणं नरम आहेत."

"सर, तो तसाच आहे. उठला की मुका होतो."

"मी झोपू देत नाई न त्याले."

पलंगावर उतरत्या लाकडी फळीवर त्यांनी तो मांडला. हे सगळं मी समोर बसून पाहत होते. भाभींचं बोट बटणांवर गेलं. शाळेत शिकलेली थोडी इंग्रजी अक्षरं आणि बोली आपली घरची. बराच वेळ गेला. मग त्यांनी एंटरचं बटण जोरात दाबलं, ठक्, आणि माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर होतं: बाई दाल जली.

माझ्या घरी त्या दिवशी डाळ नव्हतीच. पण मी धावत घरी जाऊन आले, कारण तिथे रडता येत नव्हतं.

त्यानंतर ती 'ठक्' आमच्या गल्लीला सवयीची झाली. ते एंटरचं बटण म्हणजे भाभींचं 'झालं, आता बोला'. सर पडद्याकडे पाहून वाचायचे आणि उत्तर द्यायचे. दाढी करो. ठक्. "करतो न." वो मशीन पलंग के नीचे से निकालो. ठक्. "उद्या." कल भी यही बोले थे. ठक्. मी खिडकीतून फक्त ठक् आणि सरांचं उत्तर ऐकायची, आणि मधलं वाक्य मला आपोआप कळायचं. भांडण पूर्वीसारखं सुरू झालं होतं. घर पुन्हा घर झालं होतं.

पण सगळा संसार त्या एका गोष्टीवर उभा होता की लॅपटॉप झोपता कामा नये. झाकण कायम उघडं. केर काढताना सर तो दोन्ही तळहातांवर उचलून धरत. झाकण चुकून मिटलं तरी तो झोपू नये, अशी सोय कॉम्प्युटरमध्ये असते. ती दोन ठिकाणी असते. चार्जर जोडलेला असतानाची वेगळी, नुसत्या बॅटरीवर असतानाची वेगळी. सरांनी पहिली बदलली. दुसरी विचार करून तशीच ठेवली. मला म्हणाले होते, "बॅटरीवर असताना झाकण मिटलं, तं झोपू द्या. नाई तं उगाच बॅटरी खाईन. आन आपल्या घरी झाकण मिटतेच कोण?"

मागच्या वैशाखात भाभींच्या छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. त्याच सुमारास वादळ झालं, तारा तुटल्या आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. इन्व्हर्टर सकाळीच संपला होता. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर होता. शेलूबाजारहून भाभींची मोठी बहीण, आपा, जीपने आल्या. आजाऱ्याच्या उशाशी कुराणातलं पठण करतात, ते करायला त्या बसल्या. पठण असतं तेव्हा घरातला टीव्ही बंद करतात, तशा आदबीने त्यांनी शेजारच्या फळीवरच्या लॅपटॉपचं झाकण मिटलं. सर तेव्हा आत पाणी गरम करत होते.

मी पोचले तेव्हा पठण संपत आलं होतं. संपल्यावर भाभींनी डोळे उघडले आणि बोट वर केलं. लिहायचं आहे, अशी ती खूण होती. सर आले आणि दारातच थांबले.

"आपा, ये किसने बंद किया?"

"मैंने. कलाम पढ़ रहे थे ना. क्यूं?"

सरांनी लॅपटॉप उचलून हातावर घेतला आणि झाकण उघडलं. पडदा उजळला. सकाळी भाभींनी लिहिलेला 'पंखा' हा शब्द तसाच होता आणि त्याच्यापुढे छोटी रेघ लुकलुकत होती. त्यांनी एक बटण दाबून पाहिलं. मुकं.

"रुक राबिया. रुक जरा," ते म्हणाले आणि त्यांचा हात लॅपटॉप बंद करायच्या बटणाकडे गेला. पण भाभींचं बोट त्याच्या आधी पोचलं होतं. चष्मा नव्हता, पडदा त्यांना दिसत नव्हता. त्या लिहू लागल्या.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. माझ्यासमोर झाकणाची पाठ आणि तुझा देवमासा होता, रेवा. त्यामुळे मला त्यांचं बोट दिसत नव्हतं. सरांचं तोंड दिसत होतं. लॅपटॉप हातांवर धरून ते पडद्याकडे पाहत होते. जुन्या कॉम्प्युटरवर कधीकधी दाबलेली अक्षरं अडकतात आणि थोड्या वेळाने सगळी एकदम उमटतात, तुम्हीही पाहिलं असेल. सर त्याची वाट पाहत होते. बटणांचा बारीक आवाज येत राहिला. भाभी मध्येच थांबत, श्वास घेत, पुन्हा सुरू करत. इतकं लांब त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. सरांची नजर पडद्यावरून हलली नाही.

मग ठक् झालं.

भाभींनी सरांकडे पाहिलं. उत्तर हवं होतं. सरांनी पडद्यावरून नजर उचलली आणि ते म्हणाले, "हां. हां राबिया. हां."

भाभींनी डोळे मिटले. समाधानाने मिटले असं लिहायचं धाडस मी करत नाही. उन्हं कलली, असरच्या नमाजाची वेळ झाली, तेव्हा त्या गेल्या होत्या.

वीज दिवेलागणीला आली. घर माणसांनी भरलेलं होतं. त्या गर्दीतून सर उठले, चार्जर शोधला आणि लॅपटॉपला जोडला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "सर, ये टाइम है क्या इसका?" त्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून तो लॅपटॉप त्यांनी बंद केलेला नाही. पडद्यावर 'पंखा' आहे, रेघ लुकलुकते आणि बटणं मुकी आहेत. बंद करून सुरू केला तर बटणं पुन्हा चालतील, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण त्यांना वाटतं, ती सगळी अक्षरं आत कुठेतरी अडकून आहेत आणि बंद केला की कायमची जातील. वीज लांबली, त्यांचा इन्व्हर्टर उतरायला आला, की ते रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात. दोन्ही तळहातांवर उघडा लॅपटॉप, वर भाभींची ओढणी. भरलेलं भांडं आणावं तसे हळू चालत. गल्लीत क्रिकेट खेळणारी मुलं तेवढा वेळ चेंडू हातात धरून थांबतात. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, काय हाय त्यात?" सर म्हणाले, "मालूम नाई, बेटा."

दुकानदारांना त्यांनी विचारून झालं. सगळे म्हणतात, आधी रीस्टार्ट मारा. "ते सोडून सांग," सर म्हणतात, आणि समोरचा फोन ठेवतो.

एका दुपारी असेच आले आणि माझ्या टेबलाशी बसून राहिले. "बाई," ते म्हणाले, "मी कायले हो म्हटलं असन?"

मी चार्जर माझ्या इन्व्हर्टरला जोडून दिला.

"हो म्हटलं म्हणजे वादा झाला न. मरणाऱ्या माणसाले देल्ला वादा. आन मले मालूमच नाई, काय देऊन बसलो ते."

त्यांनी सगळं करून पाहिलं आहे. भिंतींना रंग दिला, कारण भाभी नेहमी म्हणत. शिलाई मशीन त्यांच्या आवडीच्या एका मुलीला दिलं. आपांशी भाभींचा एका पानदानावरून जुना तंटा होता, ते पानदान स्वतः शेलूबाजारला नेऊन दिलं. आपा ते घेऊन खूप रडल्या. झाकणाचं त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही, आणि सर सांगू देणार नाहीत. मग पलंगाखालचा टाइपरायटर काढून भंगारवाल्याला दिला. परत येताना माझ्या दारात थांबून म्हणाले, "हे बी नसन, बाई. इतक्याशा गोष्टीसाठी तिनं इतकं लांब नसतं लिहिलं."

आणि एकदाच, चहाचा कप हातात तसाच धरून, ते हे बोलले: "साऱ्या जिंदगीत पोराइच्या बोटावर रुमाल टाकला मी. नजर कागदावर, नजर कागदावर. बटणावर तं अक्षरं छापलेलीच होती न, बाई? मशीन मुकी झाली तरी बोट बोलून राह्यलं होतं. मी फक्त खाली पाहाचं होतं. त्या दिवशी तं रुमाल बी नव्हता."

त्यानंतर त्यांनी मला तो प्रश्न तुला विचारायला सांगितला, ओजस. "तुमचा नातू शिकेल हाय. त्याले पुसा."

तुझं उत्तर मी काल संध्याकाळी त्यांना सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यांनी विचारलं होतं आणि तू खरं बोलला होतास. ते उभे राहून ऐकत होते. मान हलवली.

"बरोबर बोलून राह्यला पोरगा," ते म्हणाले. "मले बी मालूम हाय. कागद असता तं खळगा पडला असता. ह्याच्यात खळगाच पडत नाई."

"मग सर, आता बंद करायचा का तो?"

चार्जर नीट बसलाय ना, ते त्यांनी चाचपून पाहिलं. "मी हो म्हणून बसलो न, बाई."

रेवा, तो फेकून दे असं पुन्हा म्हणू नकोस. मला ते त्यांच्यापर्यंत पोचवावं लागेल असं नाही, पण म्हणू नकोस.

मी निघताना मागे वळून पाहिलं. दिवेलागणीची वेळ होती, त्यांनी घरात दिवा लावला नव्हता. शेवटच्या टाइपरायटरचं मरून कव्हर तेवढं त्यांनी भंगारात दिलं नव्हतं. ते त्यांनी झटकलं आणि उघड्या लॅपटॉपवर घातलं, झाकणावर भार येऊ नये म्हणून दोन्ही कडा बोटांनी उचलत, अगदी सावकाश. कव्हर त्या मापाचं नव्हतं. खालून उजेडाची एक पट्टी फळीवर पडली होती. सर तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले, रिकाम्या पलंगाकडे तोंड करून, आणि हळूच म्हणाले, "हां."